मदत म्हणून दिलेले पैसे परत मागता येतात का?

प्रश्न : मी कराडची निवृत्त शिक्षिका. आमच्या भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका बाळाच्या दुर्मीळ आजारासाठी मदतीचं आवाहन आलं. नाकात नळी घातलेला फोटो, आईचा रडवेला आवाज, खाली क्यूआर कोड. मी 5,000 रुपये पाठवले, मैत्रिणींनीही दिले. मिळून 31,000 गेले. आता कळलं की बाळ खरं आहे, पण खातं त्याच्या आईवडिलांचं नाही. याला बारा दिवस झाले. मुलगा म्हणतो, ‘दान केलंस ना, मग सोड आता.’ तक्रारीचा उपयोग होईल का? आणि पैसे मिळालेच तर ते कुणाचे?

उत्तर : ताई, सोडू नका. तुम्ही पैसे त्या बाळाच्या उपचारासाठी दिलेत, वाटेल त्याला नाही. खोटं सांगून ते काढून घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) प्रमाणे फसवणूक आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन मोबाइलवरून फसवलं, म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66डी सुद्धा लागतं. तुम्ही आपणहून दिलेत, एवढ्यावर ठगाची सुटका होत नाही.

माझ्याकडे असे पक्षकार येतात तेव्हा पैशापेक्षा लाजेबद्दलच जास्त बोलतात. ज्यांचं मन मोठं त्यांनीच मान खाली घालायची, हे मला सहन होत नाही.

आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत फोन झाला तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखून धरता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. बारा दिवसांत ती पुढे सरकली असेल, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण त्या खात्यात कदाचित अजूनही पैसे येत असतील, आणि तुमच्या तक्रारीमुळे ते थांबू शकतं. 2020 मध्ये ‘पीएम केअर्स’च्या यूपीआय आयडीतलं ‘एस’ अक्षर गाळून कुणीतरी बनावट आयडी काढला होता; तो लक्षात आणून दिला गेला म्हणूनच बंद झाला.

भिशीच्या वतीने एकच अर्ज करू नका. प्रत्येकीचा व्यवहार क्रमांक वेगळा, बँक वेगळी. प्रत्येकीने आपली तक्रार करावी. मूळ मेसेज, आवाजाची फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर यातलं काही पुसू नका आणि फोन बदलू नका. खटल्यात मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

‘तीन दिवसांत कळवलं तर बँक भरपाई देते’ असं कुणी सांगेल. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे त्या आशेवर वेळ घालवू नका.

पोलीस ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ म्हणाले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा आधार घ्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तरीही टाळाटाळ झाली, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. प्रत्येक कागदाची पोच मात्र घ्याच.

बाळाच्या आईवडिलांनाही गाठा. ‘हे खातं आमचं नाही’ हा त्यांचा जबाब या प्रकरणातला सर्वात भक्कम पुरावा ठरेल. शिवाय त्यांच्या खऱ्या आवाहनावरचाही लोकांचा विश्वास उडतोय, म्हणजे नुकसान त्यांचंही आहेच.

तुमच्यासारखंच दिसणारं एक वेगळं प्रकरण असतं : रुग्ण खरा, गोळा करणाराही ओळखीचा, पण पैसे त्याने दुसरीकडे वळवले. तिथे न्याय संहितेचं कलम 316, म्हणजे विश्वासघात, आणि सिद्ध करायला ते जास्त अवघड. पैसे गोळा करणारी नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडेही दाद मागता येते.

रोखलेली रक्कम मोकळी करून घ्यायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो. त्यासाठी तक्रारीची प्रत आणि बँकेचा उतारा जोडून अर्ज करावा लागतो. ती रक्कम जिची तिच्या खात्यात जाते, भिशीत नाही. त्यानंतरही बाळाला मदत करायची इच्छा असेल, तर रुग्णालयात फोन करून रुग्णाचा नोंदणी क्रमांक घ्या आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरून त्यांच्याकडून पावती मागवा.