पहिल्या खरेदीआधी वजनकाटा

प्रश्न : आम्ही पतिपत्नी या वर्षी निवृत्त झालो आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेले एक जुने मोटरहोम घेतले. आत झोपण्याची सोय, छोटा ओटा, ७० लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेटचा, म्हणजे मैल्याची पेटी काढून नेता येणारा, संडास आहे. मित्रमंडळींनी मायक्रोवेव्ह, जनरेटर, घडीच्या खुर्च्या, बाहेर ताणायचे छत अशी लांबलचक यादी दिली आहे. यांपैकी आधी काय घ्यावे? दिवाळीनंतर थेट गोव्याला जाण्याचा विचार आहे. (एक वाचक, खारघर)

उत्तर : यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि टाकीत पाणी व डिझेल पूर्ण भरून, दोघांनीही गाडीत बसून, ती तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वजनकाट्यावर न्यावी. आरसी बुकात नोंदलेल्या कमाल वजनातून काट्यावरचे वजन वजा केल्यावर जे उरेल, तेवढ्याच किलोंत गाद्या, भांडी, कपडे आणि खुर्च्या बसल्या पाहिजेत. आम्ही पहिल्या खेपेला हा हिशोब केला नव्हता. माळशेज घाटातून मुरबाडकडे उतरताना जळका वास येऊ लागला, म्हणून गाडी कडेला घेतली, तर मागच्या चाकाजवळ हात नेताच धग लागत होती. तासभर थांबून, ब्रेक निवल्यावर, उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आपणही पाळावी.

आरसी बुक हाताशी असतानाच, त्यात गाडीची नोंद मोटरहोम म्हणून झाली आहे का, तेही पाहावे. आतील बांधणी नोंदीविना केलेली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती अडचणीची ठरते आणि विम्याचा दावाही अडकू शकतो.

पहिला मोठा खर्च बहुधा टायरांचा असेल. अशी गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन गेलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे उमटवलेले असतात. ते २३१९ असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. सहा-सात वर्षांहून जुने टायर, ते दिसायला कितीही चांगले असले तरी, बदलावेत.

मायक्रोवेव्ह घेऊ नये. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १,२०० वॅट-तास वीज मावते आणि साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून त्यातली निम्मीच वापरलेली बरी. दिवे, पंखा आणि लहान फ्रीज यांनाच ती लागेल. जनरेटरचा धूर बंद गाडीत शिरला तर जिवावर बेतते, म्हणून त्याचाही मोह टाळावा. स्वयंपाकाला ५ किलोंचा सिलिंडर पुरे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साचतो. तेव्हा जमिनीलगतची झरोक्याची जाळी सतरंजीखाली झाकू नये, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि गाडी चालू असताना सिलिंडर बंद ठेवावा. अग्निशामक मात्र आजच घ्यावा व दाराजवळ लावावा.

पहिली रात्र आपल्या सोसायटीच्या आवारातच, समितीला कळवून, गाडीत काढावी. घरातून काही आणायला जिना चढावा लागला, की ती वस्तू वहीत लिहावी. खरी खरेदीची यादी तीच. त्यानंतर कर्जतकडच्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात, आधी विचारून, एक रात्र आणि मग अलिबागकडे दोन रात्री राहावे. तिथे गाडी वाळूवर अजिबात नेऊ नये, कारण जड चाके रुततात आणि भरती थांबत नाही. टपासकट गाडीची उंची मोजून ती चालकासमोर चिकटवावी, म्हणजे रेल्वेपुलाखालच्या उंचीच्या आडव्या दांड्याशी अंदाज बांधत बसावे लागणार नाही. संडासाची कॅसेट घरी आणून घरच्याच संडासात रिकामी करावी. नाल्यात किंवा खाडीत ती कधीही ओतू नये.

एवढ्या तीन खेपा दिवाळीपर्यंत झाल्या, तर पणजीचा ५०० किलोमीटरहून लांबचा प्रवास वाटेत एक मुक्काम ठेवून अवश्य करावा. झाल्या नाहीत, तर तो जानेवारीत ठेवावा.