लदिनीला जा

प्रिय बाय,

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने खुरसाकडच्या (वाड्यावरच्या क्रुसापाशी होणाऱ्या) लदिनीला, म्हणजे गाऊन म्हणायच्या प्रार्थनेला, बोलावलंय. देव मानत नसताना तिथे उभं राहणं ढोंग ठरेल का, असं तू विचारतेस. जा. प्रार्थना ऐक, उकडलेले चणे खा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मारियेला, हिंदूही तेल वाहतात, तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. आपल्याकडे असं येणंजाणं जुनंच आहे.

मला खटकला तो तुझ्या पत्रातला इन्क्विझिशनचा, पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या धर्मन्यायालयाचा परिच्छेद. १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर सलग. मंगेश देवाला कुठ्ठाळी सोडून प्रियोळला जावं लागलं. सगळं खरं. पण त्यातून सत्तेचं वागणं कळतं; येशू मेलेल्यातून उठला की नाही, ते नाही. शिवाय शेजाऱ्याचा देव तपासायचा आणि घरची गणेशाची चवथ ‘संस्कृती’ म्हणून सोडून द्यायची, असले नास्तिक हल्ली बरेच दिसतात. त्यांच्यात मला धरू नकोस.

वाद घालायचाच तर ख्रिस्ती श्रद्धेच्या सर्वात भक्कम जागी घाल. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना सरळ लिहिलंय, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. स्वतःची श्रद्धा इतकी उघड पणाला लावायला छाती लागते. मी म्हणतो, नाही उठला. शोकात बुडालेल्यांना तो दिसला असेल, हे मला जास्त शक्य वाटतं. पण मार्कच्या शुभवर्तमानात तो क्रुसावरून ओरडतो, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ आणि वरून उत्तर येत नाही. हे त्यांनी लपवलं नाही, ग्रंथात ठेवलं. तिथे माझी जीभ आवरते.

पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेकाची चित्रं आहेत, ती बघ. त्याने मारियेला साडी नेसवली. गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींनीच त्याच्यावर टीका केली, आणि तो पुण्याला जाऊन राहिला. ‘ते सगळे सारखेच’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य त्या चित्रांपुढे म्हणून बघ. आणि मराठीतच वाचायचं असेल तर फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण आहे, राशोलला १६१६ साली छापलेलं. अकरा हजारांच्या घरात ओव्या. सगळ्या वाचायला मी सांगत नाही.

त्या वाड्यावरची पोरं पोर्तुगीज पासपोर्टावर बाहेर गेली, लदीन म्हणायला आवाज कमी पडतात. तुझा गळा चांगला आहे. कोणी गायला बोलावलं तर सूर दे. आमेन म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझा,
मास्तर