पोरगा म्हणतो स्टंट करून हिरो होईन, काय करायचं?

रील्स आल्यापासून हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील वाढलेत म्हणून एक केस लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा नागपुरातल्या नंदनवनचा, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स. वडील वीज खात्यात लाइनमन, आल्या आल्या तापलेले, "मॅडम, पोट्टं हातपाय मोडून घेईन, मंग कोन पाहीन त्याले?" पोरगा म्हणे सोनू सूद पण नागपुरातच इंजिनिअरिंग शिकला, झाला ना हिरो. वडील लगेच, "डिग्री घेऊन गेला तो!"

मी मुलाला एवढंच विचारलं की उडी मारतोस तेव्हा खाली काय असतं? तर म्हणे काही नाही, मित्र मोबाईल धरून उभा असतो, आणि जागा कुठली तर अर्धवट बांधलेली बिल्डिंग. मला त्याच्या करिअरची नाही, याची भीती वाटली. सेटवर नुसत्या पडायच्या शॉटसाठी फाइट मास्टर उंची बघतो, रिहर्सल होते, गाद्या किंवा एअरबॅग, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, वायर ओढायला माणसं, आणि एवढं करूनही लागतंच. न्यूझीलंडच्या झोई बेल 'किल बिल' या हॉलिवूडच्या फिल्ममध्ये हिरोइन उमा थर्मनच्या डबल होत्या, म्हणजे तिच्या जागी स्टंट करणाऱ्या, त्या शूटिंगमध्ये त्यांच्या मनगटाला जबर दुखापत झाली होती.

हे ऐकून वडील एकदम गप्प झाले आणि मग पोराकडे वळून म्हणाले, "आमच्यात परमिट घेतल्याबिगर पोलवर चढत नाही कोनी, बेल्ट पहिले खालीच ओढून पाहतो. तुहा बेल्ट कोन पाहते?" पोराकडे उत्तर नव्हतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाप कामाबद्दल बोलत होता, ओरडत नव्हता, आणि पोरगा खरंच ऐकत होता. त्यानंतर दोघं बराच वेळ बेल्ट, दोर, गाठी यावरच बोलले, मी मध्ये पडलेच नाही.

आता हिरो व्हायचं म्हणाल तर ते वेगळं काम आहे. डबलने चेहरा लपवायचा असतो आणि ॲक्टरला तोच दाखवायचा असतो. 'शोले'त हेमा मालिनीच्या डबल रेश्मा पठाण होत्या, 1975 ची फिल्म, त्यांच्यावर फिल्म आली 2019 ला, तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना नाव कळलं. झोई बेलना 2007 च्या 'डेथ प्रूफ'मध्ये मोठा रोल मिळाला, पण तो देणारा दिग्दर्शक 'किल बिल'चाच, सेटवर त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेला. म्हणजे रस्ता आहे, फार कमी लोकांना मिळतो पण आहे, आणि तो रीलच्या लाइक्सवरून जात नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

शेवटी ठरलं ते असं की बिल्डिंगवरच्या उड्या बंद, प्रॅक्टिस कोचसमोर गादीवरच, संध्याकाळी नाटकाच्या ग्रुपमध्ये जायचं कारण संवाद म्हणताना त्याची मान खालीच असते, आणि डिग्री झाली की मुंबई. वडिलांची अट एक, मेडिकल इन्शुरन्स आधी. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे, म्हणाली मी पण येईन प्रॅक्टिस बघायला.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर मुंबईचं नंतर बघू, आधी तो रील कुठे आणि कोणासोबत शूट करतो ते जाऊन बघून या.