कागदातली हवा

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले राइस पेपरवरचे चित्र गेले तीन दिवस माझ्या पूर्वेच्या खिडकीशी दोरीवर टांगलेले आहे. सकाळी मागून ऊन येते तेव्हा ते एक दिसते आणि दुपारी समोरून पाहिले की दुसरेच दिसते. ते मला आवडले, हे आधी सांगतो. नान्नजच्या बाजूचा माळ इतक्या थोड्या रेषांत उभा करणे सोपे नाही. परंतु त्या चित्रातली हवा आपल्या सोलापूरची नाही, आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे.

समोरच्या रानात तू ज्वारीची धसकटे काढली आहेस. म्हणजे काढणी होऊन गेली आहे, उन्हाळा लागला आहे. मागची टेकाडे मात्र निळी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या धुक्याचा पट्टा आहे. स्वच्छ हवेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून पाऊस पडून गेल्यावर लांबचे डोंगर निळसर दिसतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असतो, वारा मोकळ्या रानांतून माती उचलत असतो, आणि धुळीचे कण त्यामानाने मोठे असल्यामुळे ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. त्यामुळे आपल्या माळावर लांबचे निळे होत नाही, ते फिकट पडते, मातकट पांढुरके होते आणि शेवटी टेकडी कुठे संपली व आकाश कुठे सुरू झाले हेच कळेनासे होते. हा रंग तुला बनवावा लागणार नाही, कारण तुझा कोरा कागद बराचसा त्याच रंगाचा आहे. तिथे फक्त हात आवरायचा आहे.

धुक्यासाठी तू पांढरा ॲक्रिलिक दाट लावला आहेस. इथे माझ्या खिडकीशी ते नीट कळते. समोरून जो पट्टा पांढरा वाटतो, तोच मागून उजेड आला की काळपट डाग होतो, कारण त्या थराने कागदाचे तंतू बुजवले आणि उजेड अडवला. ज्याला बाजारात राइस पेपर म्हणतात तो बहुधा तांदळाचा नसतोच. चीनमधल्या आन्हुई प्रांतातील प्रसिद्ध शुआन कागदात झाडाची साल आणि भाताचा पेंढा असतो, आणि इतर पुष्कळसा कागद तुतीच्या जातीच्या झाडांच्या सालीचा असतो. या लांब, विरळ तंतूंमधून जाणारा उजेड हेच त्याचे बळ आहे. म्हणून आधी शाई, मग पातळ जलरंग, ते पूर्ण वाळल्यावर कोळसा किंवा कोरडे पेस्टल, आणि ॲक्रिलिक लावायचाच असेल तर अगदी शेवटी, समोरच्या एखाद्या दगडापुरता, असा क्रम ठेव.

धसकटांच्या रेषा फुटल्या आहेत, त्याचे कारण कागद कच्चा आहे. तुझ्याकडच्या उरलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाक. तो लगेच पसरला तर कागद कच्चा, थेंब तसाच उभा राहिला तर पक्का. तुझ्या घरी यंत्रमाग आहेत, तेव्हा ताण्याच्या सुताला खळ का देतात हे मी तुला सांगायला नको. इथेही तेच आहे, तंतू बांधून घ्यायचे म्हणजे शाई फुटत नाही, फक्त खळीऐवजी कोमट पाण्यात विरघळवलेला सरस आणि किंचित तुरटी लागते. तुरटी जास्त झाली तर तिच्या आम्लामुळे कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. हे पाणी रुंद, मऊ ब्रशने फक्त खालच्या तिसऱ्या भागाला दे आणि वरचा भाग कच्चाच ठेव. मग धसकटांची रेष टोकदार राहील आणि आकाशातला रंग आपसूक विरत जाईल.

आपली कोरडी हवा मात्र या कामाची वैरी आहे. रंग पसरायच्या आत कडा वाळते आणि आकाशात नकाशासारख्या रेघा उमटतात. सकाळी सातच्या आत बस, पंखा बंद ठेव, खिडकीत ओला टॉवेल टांग आणि कागद मागच्या बाजूने ओला करून मगच पुढून रंग सोड.

एक गोष्ट अनुभवाची. तरुणपणी मी असेच एक चित्र चौकटीसाठी एका दुकानात दिले आणि त्यांनी ते कृत्रिम गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवले. कागदाला सुरकुत्या पडल्या, आणि तो गोंद पाण्याने सुटत नसल्यामुळे त्या कायमच्या राहिल्या. ते चित्र आजही माझ्याकडे आहे आणि ते काढून पाहिले की अजून वाईट वाटते. तू गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ स्वतः शिजव, ती पुढे पाण्याने सोडवता येते. पूर्वी किडीसाठी खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत, ते घालू नकोस. तांब्याने कागद कुजतो.

आता नवे चित्र लगेच सुरू करू नकोस. या आठवड्यात दोन दिवस दुपारी चारच्या सुमारास रंग न घेता माळावर जा. माळढोक पक्षी दिसेल अशी आशा धरू नकोस, तो आता फारच दुर्मीळ झाला आहे. सर्वांत लांबचे बाभळीचे झाड निवड आणि त्याचे खोड जमिनीला नेमके कुठे टेकते ते शोध. बहुतेक ते टेकलेले दिसणारच नाही, खालचा वीतभर भाग धुळीत गेलेला असेल. तेवढाच भाग तळहाताएवढ्या चार कागदांवर करून रविवारी घेऊन ये. मी सरस भिजत घालून ठेवतो.

तुझा,
सर