टाकी गळते, बिल चढते

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, घरात चौघे. एसी नाही, तरी दोन महिने विजेचं बिल जवळपास दुप्पट येतंय. बोअरिंगची मोटरही पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालवावी लागते. मीटर बदलून घ्यावा का?

उत्तर : मीटरवर संशय शेवटी घ्या. आधी बिलातलं रीडिंग मीटरशी जुळतंय का ते बघा. मग घरातले सगळे एमसीबी (मीटरनंतरच्या बोर्डावरचे खटके) पाडा. तरीही मीटरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणीतरी तुमच्या लाइनला चोरून जोड घेतलाय, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दिवा थांबला तर मोटरकडे वळा. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. रोज दोन तास जास्त म्हणजे महिन्याला ६० युनिट, शिवाय वरच्या स्लॅबचा दर वेगळाच! मोटर जास्त चालते म्हणजे पाणी कुठेतरी गळतंय; ते बहुधा फ्लशमधून जातं आणि आवाजही होत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, अर्धा तास वापरू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर झिजलंय, ते बदला. नाहीतर रात्री गच्चीवरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं, तर टाकीला चीर आहे किंवा मोटरच्या पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) बिघडून पाणी परत बोअरमध्ये सोडतोय.