विकृती, विकार, आजार, रोग: ‘डिसऑर्डर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: पदवीला मानसशास्त्र घेतलं आहे. एका पुस्तकात ‘चिंता विकृती’ आहे, दुसऱ्यात ‘चिंता विकार’, वर्गात ‘मानसिक आजार’ म्हणतात आणि कुणाच्या तरी टिपणांत ‘मनोरोग’ सापडतो. हे सगळे शब्द एकच का? उत्तरपत्रिकेत कोणता लिहावा? आणि मनोविकारांचा अभ्यास करणाऱ्या विषयाचं नाव ‘अपसामान्य मानसशास्त्र’ का, ‘असामान्य’ का नाही?

शेवटचा प्रश्न सोपा आहे. मराठीत ‘असामान्य’ ही स्तुती आहे. असामान्य धैर्य, असामान्य प्रतिभा असंच आपण म्हणतो. ‘अप’ लावला की अपयश, अपमान, अपप्रवृत्ती यांच्यासारखी घसरणीची छटा येते, म्हणून ‘अपसामान्य’ घडवला गेला. शब्द थोडा ओबडधोबड आहे, पण एका घोटाळ्यातून वाचवतो. अतिशय तल्लख बुद्धीही संख्येच्या हिशेबाने विरळाच, म्हणून कुणी तिला मनोविकार म्हणत नाही. नुसतं वेगळं असणं पुरेसं नसतं. त्या माणसाला होणारा त्रास आणि रोजच्या जगण्यात, कामात, नात्यांत येणारा अडथळा हेही पाहावं लागतं.

आता मूळ प्रश्न. ‘विकार’ आणि ‘विकृती’ दोन्ही ‘वि’ आणि ‘कृ’ यांपासूनच आले. अर्थ एकच: मूळ स्थितीत झालेला बदल, बिघाड. संस्कृतात ‘प्रकृती’च्या जोडीला ‘विकृती’ येते तेव्हा तिच्यात निंदा नसते. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, वापरावर जगतो. आजच्या मराठीत ‘विकृत’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? एखाद्या घृणास्पद गुन्ह्याच्या बातमीतला आरोपी. ‘विकृत मनोवृत्ती’ हा सरळसरळ नैतिक निवाडा आहे. परीक्षेच्या विचाराने रात्ररात्र झोप न लागणाऱ्या, छातीत धडधड होणाऱ्या मुलीच्या त्रासाला आपण ‘चिंता विकृती’ म्हणतो, तेव्हा तो निवाडा नकळत तिच्यावरही चिकटतो. ‘व्यक्तिमत्त्व विकृती’मध्ये तर तो सगळ्यात जास्त बोचतो, कारण तिथे अख्खा माणूसच विकृत ठरतो. म्हणून माझं स्पष्ट मत: ‘विकृती’ सोडावी, ‘विकार’ धरावा.

‘विकार’ला शेजारही चांगला मिळाला आहे. हृदयविकार, नेत्रविकार, त्वचाविकार हे शब्द आपण न कचरता उच्चारतो. ‘हृदयविकृती’ झाली असं कुणी सांगत नाही. त्या रांगेत ‘मनोविकार’ सहज बसतो, आणि शरीराच्या दुखण्याइतकंच हेही दुखणं आहे हे न सांगता सांगून जातो. एक जुनी छटा मात्र माहीत असावी. काम, क्रोध, लोभ वगैरेंना आपण षड्विकार म्हणत आलो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखनात ‘मनोविकार’ म्हणजे राग, प्रेम, भीती अशा भावनाच. जुना निबंध वाचताना तो अर्थ घ्यायचा. आजच्या पाठ्यपुस्तकात तो आड येत नाही.

मग ‘रोग’ का नको? वैद्यकात रोग म्हणताना बहुधा त्यामागचं कारण किंवा शरीरातला ठरावीक बदल दाखवता येतो. मनोविकारांची निदानं मात्र बहुतांशी लक्षणं, त्यांचा कालावधी आणि जगण्यातला अडथळा यांवर उभी आहेत. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत (२०१३) नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत खिन्न मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणं यांपैकी एक हवंच. रक्ताच्या तपासणीने हे निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणातही ‘डिसऑर्डर’ हा शब्द मुद्दाम घेतला, तो ‘डिसीज’ आणि ‘इलनेस’ यांतले पेच टाळण्यासाठी. उलट बाजूचं उदाहरण फार बोलकं आहे. भ्रम, स्मृतिनाश आणि पक्षाघात घडवणारी एक अवस्था वेडाचाच प्रकार मानली जाई आणि तिच्या रुग्णांना मनोरुग्णालयांत ठेवलं जाई. १९१३ साली अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, जंतू सापडले आणि तिच्या कारणाबद्दल शंका उरली नाही. तिला ‘रोग’ म्हणणं बरोबर.

‘आजार’ हा घरातला शब्द. सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो, म्हणून कुटुंबीयांशी बोलताना, जनजागृतीच्या मजकुरात तोच बरा. वर्गीकरणाच्या नावांत मात्र तो ढिला पडतो.

जुन्या पुस्तकांत ‘मज्जाविकृती’ आणि ‘चित्तविकृती’ अशी जोडी भेटेल. पहिली न्यूरोसिससाठी, म्हणजे वास्तवाचं भान शाबूत असताना चिंता, भीती यांनी होणाऱ्या त्रासासाठी; दुसरी सायकोसिससाठी, म्हणजे ते भानच सुटतं त्या अवस्थेसाठी. डीएसएमच्या १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीने न्यूरोसिस हा वर्ग मोडून चिंताविकार वगैरे वेगळे गट केले. तेव्हा ‘मज्जाविकृती’ इतिहास सांगताना लिहा, आजचं निदान म्हणून नको. ‘गंड’बाबतही जपून. ‘भयगंड’ म्हणजे फोबिया, ते निदान आहे. ‘न्यूनगंड’ अॅडलर या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धान्तातून आलेली कल्पना आहे, डीएसएममध्ये त्या नावाचं निदान नाही. शेपूट सारखं असल्याने विद्यार्थी दोन्ही एका यादीत घालतात.

उत्तरपत्रिकेत पहिल्या उल्लेखाला नेमलेल्या पुस्तकातलं नाव लिहा, मग ते ‘विकृती’ असलं तरी. परीक्षकाला ते ओळखीचं असतं. त्यानंतर ‘हा विकार’, ‘या विकारात’ असं लिहीत गेलात तर कुणी गुण कापायचं कारण नाही. आणि माणसाबद्दल लिहिताना ‘विकृत व्यक्ती’ किंवा ‘स्किझोफ्रेनिक’ न लिहिता ‘स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती’ लिहा. दोन शब्द जास्त लागतात, तेवढे लागू द्यावेत.