अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या ‘बोल’ सामन्यांना आता पूर्वीसारखी किंमत का राहिली नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत. भाचा अमेरिकेत एमएस करतोय, त्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला डिसेंबरअखेरच्या एका ‘बोल’ सामन्याचं बोलावणं आलंय, पण वर्गातली मुलं म्हणतात की त्यात आता काही राम राहिलेला नाही. असं का झालं, हा एक. आणि त्याने पदरचे पैसे घालून जावं का, हा दुसरा. मी ओहायो राज्यात, कोलंबसला बावीस वर्षं राहतोय. इथे शरदातला शनिवार म्हणजे फुटबॉल (लांबट चेंडूचा, इथला), बाकी सगळी कामं रविवारी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बोल म्हणजे मुळात जत्रेतली कुस्ती, एवढं धरून चाला. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनामध्ये १८९० पासून नववर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते. पूर्वेकडे लोक बर्फात गारठलेले असताना आमच्याकडे गुलाब फुललेत, हे जगाला दाखवायचं होतं. १९०२ साली मिरवणुकीला जोड म्हणून फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगन विद्यापीठाच्या संघाने स्टॅनफर्डच्या संघाला ४९-० असं धुतलं, आणि सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी पुढची बरीच वर्षं फुटबॉलचं नाव काढलं नाही; मधल्या काळात रथांच्या शर्यतीसुद्धा झाल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परत आलं. १९२२ मध्ये वाडग्याच्या आकाराचं मोठं स्टेडियम बांधलं, म्हणून ते ‘रोझ बोल’, आणि तेच नाव सामन्याला चिकटलं. १९३० च्या दशकात मायामीने ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सने शुगर, एल पासोने सन, डॅलसने कॉटन बोल सुरू केला. सगळी उबदार हवेची गावं. लांबचे दोन नामांकित मल्ल बोलवायचे, फड रंगवायचा, हॉटेलं भरायची, गावात चार पैसे यायचे.

त्या कुस्तीवरून ‘केसरी’ ठरत नव्हता, हे महत्त्वाचं. देशातला अव्वल संघ कोण, हे पत्रकार आणि प्रशिक्षक मतांनी ठरवायचे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शेवटची क्रमवारी १९६८ पर्यंत, एखादं वर्ष वगळता, बोल सामन्यांच्या आधीच जाहीर व्हायची. प्रशिक्षकांची तर त्याहून पुढे काही वर्षं. १९७३ चा हंगाम संपताना अलाबामा शुगर बोलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ असा हरला, तरी प्रशिक्षकांच्या यादीत तोच राष्ट्रीय विजेता राहिला, कारण यादी आधीच छापून झाली होती. म्हणजे विजेतेपदाशी संबंध नसतानाही लोक या सामन्यांवर जीव टाकायचे.

किती जीव टाकायचे, तेही सांगतो. बिग टेन ही आमच्या भागातल्या विद्यापीठांची संघटना. तिचा नियम असा होता की विजेता रोझ बोलला जाणार, बाकीच्यांनी कुठल्याच बोलला जायचं नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये ओहायो स्टेट (आमच्या कोलंबसचंच विद्यापीठ) आणि मिशिगन हे दोन अपराजित संघ भिडले आणि सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. आता पाठवायचं कोणाला? विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केलं आणि कौल ओहायो स्टेटला मिळाला. मिशिगनचा संघ वर्षभरात एकही सामना न हरता घरी बसला. आजही तिकडच्या वयस्कर चाहत्यांपुढे हा विषय काढला की त्यांचा आवाज चढतो. तो नियम १९७५ मध्ये गेला.

मग बदललं काय? लोकांना खरा विजेता हवा होता, आणि ती मागणी रास्तच होती. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले, पण एक रोझ बोलला बांधलेला आणि दुसरा ऑरेंज बोलला गेलेला, त्यामुळे ते समोरासमोर आलेच नाहीत. विजेतेपद वाटून दिलं गेलं. १९९८ पासून पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना ठरवून खेळवायला लागले, २०१४ पासून चार संघांची बाद फेरी आली, २०२४ पासून बारा संघांची. मीही त्या वेळी याच बाजूने तावातावाने बोलायचो. पण जेवणात एकच पक्वान्न ठेवलं की बाकीची ताटं थंड होतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं शेजारच्या आजोबांमुळे. ते ओहायो स्टेटचे जुने विद्यार्थी. १ जानेवारी १९६९ चा रोझ बोल त्यांनी प्रत्यक्ष पाहिलाय. ओहायो स्टेटने सदर्न कॅलिफोर्नियाला २७-१६ असं हरवलं तो. चार मित्र एका गाडीत, तीन दिवस आलटूनपालटून चालवत गेले होते. तिकिटाचा फाटका तुकडा त्यांनी काचेच्या चौकटीत लावलाय, जिन्याच्या पहिल्या वळणावर. आम्ही इथे आलो त्या वर्षापासून नववर्षाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी (इथली नववर्षाची रीत, आमच्यासाठी बटाट्याची भाजी असते) आणि टीव्हीवर रोझ बोल. बाहेर ओहायोत मिट्ट काळोख, खिडकीवर बर्फ, आणि पडद्यावर सॅन गॅब्रिएलचे डोंगर मावळतीला गुलाबी होत जाणारे. त्या दहा मिनिटांत आजोबा कोणाशी बोलत नाहीत.

१ जानेवारी २०२५ ला आमचाच संघ तिथे होता. समोर ऑरेगन, तोवर अपराजित. रोझ बोल म्हणजे पूर्वेची बिग टेन विरुद्ध पश्चिम किनाऱ्याची संघटना, ही कित्येक दशकांची वहिवाट. पण पश्चिमेची ती संघटना २०२४ मध्ये फुटली आणि ऑरेगन स्वतःच बिग टेनमध्ये आलं. म्हणजे पॅसाडिनाला दोन्ही पाहुणे एकाच घरचे. ओहायो स्टेट ४१-२१ असं जिंकलं. घरात आरडाओरडा झाला, आणि शेवटची शिटी वाजायच्या आधीच समालोचक पुढच्या टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्याबद्दल बोलायला लागले. आजोबांनी आवाज कमी केला. म्हणाले, “आम्ही जिंकलो तेव्हा वसंत येईपर्यंत याच सामन्याबद्दल बोलत होतो. आज दहा मिनिटंसुद्धा नाही.” त्या रात्री ते खूश नव्हते असं नाही. पण रोझ बोल जिंकणं हे मुक्कामाचं ठिकाण होतं, आता ती जिन्यातली एक पायरी झाली.

हे रोझ बोलचं झालं, जो निदान बाद फेरीत तरी आहे. तुमच्या भाच्याच्या संघासारखे बाद फेरीबाहेरचे जे बोल आहेत, त्यांची अवस्था अर्थातच अधिक नाजूक.

इथे लोक पहिला दोष खेळाडूंना देतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. अस्थिबंध तुटले, मज्जातंतूला इजा झाली. एनएफएलच्या (इथल्या व्यावसायिक लीगच्या) निवडीत पहिल्या काही नावांत त्याचं नाव येणार असं सगळे धरून होते. तो ३४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिला अख्खा हंगाम बाहेर बसला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकाफ्री यांनी आपापल्या संघाच्या बोलमध्ये न खेळण्याचं ठरवलं. केवढी ओरड झाली! स्वार्थी म्हटलं, संघाला सोडून पळाले म्हटलं. चार महिन्यांनी एनएफएलने एकाला चौथा आणि दुसऱ्याला आठवा निवडला. त्यानंतर हा रिवाजच पडला. एकवीस वर्षांच्या पोराने आयुष्यभराची कमाई एका सत्काराच्या सामन्यासाठी पणाला लावावी, असं त्याच्या घरातलं कोणी सांगेल का?

त्यात वेळापत्रकाची भर पडली. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं, त्याच वर्षी त्यांना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. विद्यापीठ बदलायची मुदत काही वर्षं नेमकी डिसेंबरात उघडायची, नवे प्रशिक्षकही त्याच सुमारास नेमले जातात. म्हणजे बोलच्या सरावाला मैदानावर उरलेला संघ हा हंगामभर खेळलेला संघ नसतोच. याचं सगळ्यात दुःखद रूप ३० डिसेंबर २०२३ ला दिसलं. फ्लोरिडा स्टेट १३-० असं अपराजित, आपल्या संघटनेचं विजेतं, तरीही त्यांना चार संघांच्या बाद फेरीत घेतलं नाही. ऑरेंज बोलला त्यांचे दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियाने ६३-३ असं हरवलं. साठ गुणांचा फरक, बोलच्या इतिहासातला सर्वांत मोठा.

आणि आता तर बोलावणंच नाकारतात. डिसेंबर २०२५ मध्ये बाद फेरीतून वगळल्यावर नोटर डेमने सांगितलं, आम्ही कुठल्याच बोलला येत नाही. याच नोटर डेमने पूर्वी १९२५ च्या रोझ बोलनंतर थेट १९७० पर्यंत बोल खेळले नव्हते. तेव्हा कारण मुलांचा अभ्यास बुडतो, हे होतं. नकार तोच, पण पहिल्यात विद्यापीठाचं तत्त्व होतं आणि दुसऱ्यात दुखावलेपण.

संख्येचाही भाग आहे. एके काळी जेमतेम दहा बोल असायचे, आता चाळीसच्या आसपास आहेत. अव्वल विभागातल्या एकशे तीसहून जास्त संघांपैकी ऐंशीच्या वर संघांना जागा मिळते. बारा सामन्यांत सहा जिंकले की पात्र. २०१५ मध्ये तेवढेही संघ भरले नाहीत, म्हणून पाच जिंकलेल्या तीन संघांना घेतलं. मग बंद का पडत नाहीत? टीव्हीमुळे. डझनभराहून जास्त बोल ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्याच मालकीचे आहेत. सुट्टीच्या आठवड्यात घरोघरी टीव्ही सुरू असतो, आणि स्टँड ओस पडलेला असला तरी पडद्यासमोर लाखो लोक असतात.

आता दुसरा प्रश्न. माझं मत विचाराल तर भाच्याने जरूर जावं.

बाद फेरीत बारा संघ उतरतात आणि अकरा जण हरून घरी जातात. बाद फेरीबाहेरच्या बोलमध्ये मात्र दरवर्षी पस्तीसएक संघांचा हंगाम विजयाने संपतो. आमची मुलगी ओहायोतल्याच एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. तिच्या तिसऱ्या वर्षी संघाला दक्षिणेतल्या एका शहराचं बोलावणं आलं. बँडच्या बसमागोमाग आम्ही दोघं बारा तास गाडी चालवत गेलो. स्टेडियम अर्ध्याहून जास्त रिकामं. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) आठवड्यापूर्वीच दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला होता. त्याच्या जागी चौथ्या वर्षाचा एक मुलगा उतरला, जो तोवर कडेला उभा राहून हाताने खुणा करण्याचं काम करायचा. पहिलीच फेक प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली. दुसऱ्या सत्रात त्याला सूर सापडला. शेवटच्या दोन मिनिटांत त्याने संघाला मैदानभर पुढे नेलं आणि ते तीन गुणांनी जिंकले.

सामना संपल्यावर तो बँडसमोर आला, शिरस्त्राण काखेत, गुडघे गवताने हिरवे झालेले. बँडने विद्यापीठगीत सुरू केलं. त्याची आई कठड्यापाशी खाली आली होती. तिच्या अंगावर त्याच्याच क्रमांकाची जर्सी, चार वर्षं धुऊन धुऊन आकडे भेगाळलेले. हे त्याचं शेवटचं फुटबॉल होतं, आणि ते त्याला माहीत होतं. गीत संपेपर्यंत तो हलला नाही.

भाच्याला सांगा, अशा सामन्यांची तिकिटं आयत्या वेळीही मिळतात, आणि विद्यार्थ्यांसाठी बस जाणार आहे का ते विद्यापीठात विचारून ठेव. जागा बँडच्या शेजारची घे. आणि सामना संपला की लगेच पार्किंगकडे धावू नकोस, गीत होईपर्यंत थांब.